नावांचा बाजार आणि नादाचे इमान

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या एखाद्या ध्वनियंत्रांच्या दालनात आज गेलेल्या ग्राहकासमोर निवडीला काही तोटा नसतो. एका फळीवर डेनॉनचा रिसीव्हर, शेजारी मरांट्झचा ॲम्प्लिफायर, कोपऱ्यात बॉवर्स अँड विल्किन्सचे उभे स्पीकर आणि समोर जेबीएलचे. विक्रेता तासभर उभा राहून डेनॉनचा आवाज कसा भरदार, मरांट्झचा कसा मृदू, ब्रिटिश स्पीकर कसा संयत आणि अमेरिकी स्पीकर कसा मोकळा, हे रंगवून सांगतो. ग्राहक घरी येतो, चार दिवस विचार करतो, जाणकार मित्राला दूरध्वनी करतो आणि अखेर एकाची निवड करतो. आपण कोणाची निवड केली आणि कोणाला नाकारले, याविषयी त्याच्या मनात शंका नसते. वस्तुस्थिती मात्र अशी आहे, की त्याने यांपैकी काहीही घेतले तरी पैसे अखेर एकाच मालकाच्या तिजोरीत जातात. तो मालक म्हणजे दक्षिण कोरियाची सॅमसंग.

मे २०२५ मध्ये सॅमसंगच्या मालकीच्या हरमन इंटरनॅशनल या कंपनीने साउंड युनायटेड हा ध्वनिव्यवसाय ३५ कोटी डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. बॉवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मरांट्झ, पोल्क, डेफिनिटिव्ह टेक्नॉलॉजी, क्लासे ही नावे त्यामुळे हरमनकडे आली. जेबीएल, हरमन कार्डन, एकेजी, इन्फिनिटी, मार्क लेव्हिन्सन, लेक्सिकॉन, रेव्हेल आणि आर्कम ही नावे हरमनकडे आधीपासूनच होती. हाय-फायच्या जगात ज्यांची परस्परांशी तुलना करण्यात रसिकांच्या दोन पिढ्यांनी रात्री जागवल्या, त्यांतील बहुतेक प्रतिस्पर्धी आता एकाच कुटुंबातील भावंडे झाले आहेत.

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा बाजाराचा जुनाच न्याय आहे. तेव्हा त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु या व्यवहाराकडे थोडे जवळून पाहिले, तर त्यात माशांच्या गोष्टीपलीकडचे बरेच काही दिसते. येथे कारखान्यांची किंवा यंत्रांची खरेदी-विक्री फारशी होत नसून प्रामुख्याने नावांची होते आहे, आणि हाय-फायचा सारा डोलारा नावांवरील विश्वासावरच उभा आहे. हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी. मूळ ध्वनीशी जास्तीत जास्त इमान राखणे. हे इमान नावाबरोबर विकत घेता येते काय, हा या प्रकरणातील खरा प्रश्न आहे.

एका किमतीची कहाणी

ज्या व्यवसायासाठी हरमनने ३५ कोटी डॉलर मोजले, त्याच व्यवसायासाठी तीन वर्षांपूर्वी १०२ कोटी ५० लाख डॉलर मोजले गेले होते. हा आधीचा खरेदीदारही मोठा विलक्षण होता. रुग्णाच्या बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणारी यंत्रे बनविणारी मासिमो ही कॅलिफोर्नियातील वैद्यकीय उपकरणांची कंपनी. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने साउंड युनायटेड घेत असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या समभागाचा भाव एक तृतीयांशाहून अधिक कोसळला. रुग्णालयांना यंत्रे विकणाऱ्या कंपनीला स्पीकर कशाला हवेत, हा प्रश्न भागधारकांना पडला, आणि तो गैर नव्हता.

मासिमोचे संस्थापक जो कियानी यांचे गणित असे होते, की उद्याची आरोग्यसेवा रुग्णालयातून घरात येईल. कानात घालायचे श्रवणयंत्र, मनगटावरचे घड्याळ, घरातले जाळे यांतून रुग्णाची देखरेख होईल, आणि घरात शिरण्याचा मार्ग विश्वासार्ह ध्वनियंत्रांच्या नावांतून जाईल. कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती. पण भागधारकांचा धीर तिच्याहून लवकर संपला. पॉलिटन या गुंतवणूक संस्थेने कंपनीच्या संचालक मंडळावरील ताब्यासाठी लढा पुकारला, सप्टेंबर २०२४ मध्ये तो जिंकला आणि कियानी यांना पायउतार व्हावे लागले. नव्या व्यवस्थापनाने ध्वनिव्यवसाय विकायला काढला आणि मूळ किमतीच्या जेमतेम एक तृतीयांशात तो हरमनच्या पदरात पडला.

या तीन वर्षांत डेनॉनचे ॲम्प्लिफायर काही एक तृतीयांशाने वाईट झाले नव्हते. बॉवर्स अँड विल्किन्सच्या स्पीकरचा आवाजही बसला नव्हता. बदलला होता तो केवळ मालकाचा हेतू. एका मालकाला ही नावे आरोग्यसेवेच्या दारावरची घंटा वाटत होती, दुसऱ्याला ती ताळेबंदावरचे ओझे वाटली आणि तिसऱ्याला आपल्या मालिकेतील गाळलेल्या जागा भरणारी वाटली. ध्वनियंत्रांची किंमत त्यांच्या ध्वनीवरून ठरत नाही, असा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

दहा वर्षांत चार मालक

यात सर्वाधिक हेलकावे खाल्ले ते बॉवर्स अँड विल्किन्सने. जॉन बॉवर्स यांनी १९६६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वर्दिंग या गावी ही कंपनी स्थापन केली. शंखाच्या आकाराचा त्यांचा नॉटिलस हा स्पीकर ध्वनिरसिकांच्या जगात जवळजवळ पूजाविषय झाला, आणि लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणालयात तंत्रज्ञांनी याच कंपनीच्या ८०० मालिकेतील स्पीकरवर भरवसा ठेवला. अशी ही संस्था २०१६ मध्ये इव्हा ऑटोमेशन या नवख्या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. फेसबुकचे माजी वित्तप्रमुख गिडियन यू यांची ही कंपनी, आणि विकत घेतेवेळी तिचे स्वतःचे एकही उत्पादन बाजारात नव्हते! हा संसार चार वर्षे टिकला. २०२० मध्ये साउंड युनायटेड, २०२२ मध्ये मासिमो आणि २०२५ मध्ये हरमन. अवघ्या दहा वर्षांत चार मालक. एखाद्या घरात भाडेकरू बदलावेत, तसे या कंपनीत धनी बदलले.

साउंड युनायटेड हीदेखील कोणा संगीतवेड्या माणसाने उभारलेली कंपनी नव्हती. चार्ल्सबँक या खासगी गुंतवणूक संस्थेच्या पाठबळावर तिने एकामागून एक नावे जमविली. २०१७ मध्ये डेनॉन आणि मरांट्झ यांची मालक असलेली डी अँड एम तिने घेतली. त्या डी अँड एमवरही त्यापूर्वी रिपलवुड आणि बेन कॅपिटल या गुंतवणूक संस्थांची मालकी येऊन गेली होती. अशा संस्थांचे अर्थशास्त्र सर्वत्र सारखेच असते. घ्यायचे, एकत्र बांधायचे, खर्च कापायचा आणि काही वर्षांत नफ्याने पुढच्याला विकायचे. त्यात दुष्टपणा असतोच असे नाही. पण स्पीकरच्या एका पडद्यावर दहा वर्षे संशोधन करणाऱ्या अभियंत्याचे घड्याळ आणि पाच वर्षांत बाहेर पडू पाहणाऱ्या गुंतवणूकदाराचे घड्याळ यांची वेळ क्वचितच जुळते.

दिवाणखान्यातून डॅशबोर्डकडे

मग सॅमसंगसारख्या बलाढ्य कंपनीला या लहानशा व्यवसायात एवढे स्वारस्य का असावे? याचे उत्तर दिवाणखान्यात शोधून सापडत नाही. ते मोटारीत सापडते.

सॅमसंगने हरमनसाठी सुमारे आठ अब्ज डॉलर मोजण्याचे नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर केले आणि मार्च २०१७ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. कोरियाई कंपनीने परदेशात केलेली तोवरची ती सर्वात मोठी खरेदी ठरली. त्या वेळी हरमनची वार्षिक विक्री सुमारे सात अब्ज डॉलर होती आणि तिच्यातील सुमारे ६५ टक्के वाटा मोटार उद्योगाचा होता. मोटारीतील पडदे, दळणवळण यंत्रणा, संगणकीय प्रणाली आणि त्यांच्या जोडीला ध्वनियंत्रणा. सॅमसंगला हवा होता तो मोटारीत शिरण्याचा रस्ता. जेबीएल आणि हरमन कार्डन ही त्या रस्त्यावरची परिचित दुकाने होती. हा व्यवहार घडवून आणणारे हरमनचे तत्कालीन प्रमुख दिनेश पालिवाल हे मूळचे आग्र्याचे, हेही येथे नमूद करण्याजोगे. विशेष म्हणजे २००७ मध्येही केकेआर आणि गोल्डमन सॅक्स यांनी हरमन घेण्यासाठी आठ अब्ज डॉलरचाच करार केला होता. काही महिन्यांतच त्यांनी त्यातून अंग काढून घेतले. गुंतवणूकदारांनी सोडलेला घास नऊ वर्षांनी उद्योगाने घेतला, तो मोटारीच्या आशेवर.

आज नव्या मोटारीच्या जाहिरातीत इंजिनाच्या ताकदीइतकेच महत्त्व ध्वनियंत्रणेच्या नावाला असते. लेक्ससमध्ये मार्क लेव्हिन्सन, बीएमडब्ल्यू व व्होल्वोच्या वरच्या श्रेणीत बॉवर्स अँड विल्किन्स, जीप ग्रँड वॅगोनियरमध्ये मॅकिन्टॉश, मासेरातीमध्ये सोनुस फाबेर. बॉवर्स अँड विल्किन्सच्या नावाने मोटारीत बसणारी यंत्रणा तर मालकी बदलण्यापूर्वीपासूनच परवान्याने हरमनच बनवीत होती. २०१५ मध्ये हरमनने डेन्मार्कच्या बँग अँड ओलफसनचाही मोटार ध्वनिव्यवसाय घेतला. घरगुती यंत्रे मात्र ती कंपनी स्वतःच बनवीत राहिली. एकाच नावाचे दोन मालक असू शकतात, एक घरासाठी आणि एक मोटारीसाठी, ही कल्पना सामान्य ग्राहकाच्या स्वप्नातही येत नाही.

मोटार उत्पादकाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. त्याला आपल्या गाड्यांच्या विविध श्रेणींसाठी विविध मोलाची नावे लागतात. ज्याच्या पेटीत अशी दहा-पंधरा नावे आहेत, तो पुरवठादार छोट्या गाडीला एक नाव देतो, आलिशान गाडीला दुसरे. घरासाठी लाखांचे स्पीकर घेणारा ग्राहक मूठभर. गाडीबरोबर नकळत घेणारा मात्र अगणित. त्यामुळे घरातील हाय-फाय हा आता पुष्कळदा स्वतंत्र धंदा राहिलेला नाही. मोटारीत आणि खिशातल्या यंत्रांत विकायच्या नावाची चमक टिकविणारे ते एक देवघर झाले आहे. देव तेथे राहतो, दक्षिणा मात्र दुसरीकडे जमा होते.

एकत्र न येणाऱ्यांचे काय झाले?

येथवर वाचून एकत्रीकरण ही केवळ भांडवलशाहीची हाव आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो अपुरा आहे. ओसाकाची ऑन्क्यो ही १९४६ साली स्थापन झालेली नामांकित कंपनी. २०१५ मध्ये तिने पायोनियरचा घरगुती ध्वनिव्यवसाय स्वतःकडे घेतला. म्हणजे दोन दुबळ्यांनी एकमेकांचा हात धरला. २०१९ मध्ये तिने आपला ध्वनिव्यवसाय साउंड युनायटेडला विकण्याचे ठरविले, पण तो व्यवहार फिसकटला. २०२१ मध्ये हा व्यवसाय व्हॉक्स आणि शार्प यांच्या संयुक्त कंपनीकडे गेला आणि मे २०२२ मध्ये मूळ ऑन्क्योने दिवाळखोरी पत्करली. पुढे २०२५ मध्ये व्हॉक्सच जेन्टेक्सने विकत घेतली. जेन्टेक्सचा मुख्य व्यवसाय मोटारीचे आरसे! पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या होप या छोट्या गावी सुरू केलेली क्लिप्शही याच मार्गाने आरशांच्या कंपनीकडे गेली.

लहान कंपनीला एकटीने तग धरणे अवघड झाले आहे, याला ठोस कारणे आहेत. पूर्वी उत्तम ॲम्प्लिफायरला चांगला ट्रान्सफॉर्मर, चांगले ट्रान्झिस्टर आणि चांगला कान पुरत असे. आज त्याच पेटीत इंटरनेटवरून गाणी वाजविण्याची प्रणाली, दूरचित्रवाणीशी जोडण्याची सोय, डॉल्बीसारख्या तंत्रांचे परवाने आणि दरवर्षी बदलणारे सॉफ्टवेअर असावे लागते. हे सॉफ्टवेअर लिहिण्याचा खर्च दहा हजार यंत्रे विकली काय किंवा दहा लाख विकली काय, जवळपास सारखाच. साहजिकच जो जास्त यंत्रांवर तो विभागू शकतो, तोच टिकतो. डेनॉन आणि मरांट्झ यांची वरच्या श्रेणीतील यंत्रे जपानमधील शिराकावा येथील एकाच कारखान्यात कित्येक वर्षे बनत आहेत. तरीही ध्वनीची अखेरची पारख करणारी माणसे दोन्ही नावांसाठी स्वतंत्र ठेवली गेली. म्हणजे छप्पर एक असणे हा काही गुन्हा नव्हे. आतले कान किती आहेत, हे पाहायला हवे.

मालक आणि कार्यशाळा

येथेच या साऱ्या उलाढालीचे खरे मर्म आहे. मालकी कोणाची, यापेक्षा कार्यशाळा कोठे आहे आणि तेथली माणसे कोठे आहेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. दोन उदाहरणे शेजारी ठेवली, की हे स्पष्ट होते.

पहिले उदाहरण अमेरिकेच्या मॅकिन्टॉशचे. १९४९ मध्ये फ्रँक मॅकिन्टॉश यांनी सुरू केलेल्या या कंपनीचे निळ्या तबकड्यांचे ॲम्प्लिफायर जगप्रसिद्ध आहेत. १९६९ च्या वुडस्टॉक संगीतमेळ्यात त्यांचाच वापर झाला होता. १९९० मध्ये ती जपानच्या क्लॅरिऑनकडे गेली, २००३ मध्ये डी अँड एमकडे, २०१२ मध्ये इटलीच्या फाइन साउंड्सकडे, २०१४ मध्ये व्यवस्थापकांनी फ्रेंच गुंतवणूकदारांच्या साह्याने ती घेतली, २०२२ मध्ये टेक्सासच्या हायलँडर पार्टनर्सने, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बोसने. पस्तीस वर्षांत सहा वेळा मालक बदलले, परंतु न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील कारखाना जागचा हलला नाही. तीस वर्षांपूर्वीचा मॅकिन्टॉश आजही दुरुस्त होतो आणि जुन्या बाजारातही त्याला भाव येतो, याचे रहस्य या स्थैर्यात आहे.

दुसरे उदाहरण व्हिएन्नाच्या एकेजीचे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे मायक्रोफोन आणि हेडफोन जगभरच्या ध्वनिमुद्रणालयांत आदराने वापरले जातात. नव्वदच्या दशकापासून तिचा मालक एकच, हरमन. म्हणजे मालकीची स्थिरता येथे पुरेपूर होती. पण २०१७ मध्ये व्हिएन्नातील केंद्र बंद करण्यात आले आणि तेथल्या कुशल माणसांची नोकरी गेली. त्यांपैकी काहींनी त्याच शहरात ऑस्ट्रियन ऑडिओ या नावाने नवी कंपनी काढली आणि आपली विद्या तेथे नेली. गंमत अशी, की नेमके त्याच वर्षी सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-८ या मोबाइलबरोबर मिळणाऱ्या इअरफोनवर एकेजीचे नाव झळकले आणि ते कोट्यवधी लोकांच्या कानांपर्यंत पोचले. नाव कधी नव्हे इतके प्रसिद्ध झाले आणि ज्यांनी ते कमावले ती माणसे दुसऱ्या नावाने काम करू लागली. कायदेशीरदृष्ट्या एकेजी कोण आहे, हे निर्विवाद आहे. पण इमानाच्या दृष्टीने एकेजी कोण, या प्रश्नाचे उत्तर तितके सोपे नाही.

नाव आणि माणूस यांची ही फारकत या धंद्यात जुनीच आहे. मार्क लेव्हिन्सन यांनी १९७२ मध्ये आपल्याच नावाने कंपनी काढली. १९८४ च्या सुमारास ती त्यांच्या हातून गेली, आणि आपल्याच नावाने ॲम्प्लिफायर बनविण्याचा अधिकार त्यांना उरला नाही. त्यांनी चेलो या वेगळ्या नावाने पुन्हा सुरुवात केली. खुद्द हरमनचे संस्थापक सिडनी हरमन यांनी १९७७ च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये सरकारी पद स्वीकारताना आपली कंपनी बीट्रिस फूड्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीला सुमारे दहा कोटी डॉलरना विकली. तेथे तिची हेळसांड झाली आणि १९८० मध्ये हरमन यांनीच तिचा मोठा भाग जवळपास निम्म्या किमतीत परत घेतला. आज मासिमोच्या फसलेल्या खरेदीचा लाभ त्याच हरमन कंपनीला व्हावा, हा इतिहासाचा मासलेवाईक योगायोग म्हणावा लागेल.

परक्या मालकीत सारेच बिघडते असेही नाही. इंग्लंडमधील केंट परगण्यात रेमंड कुक यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेली केईएफ १९९२ मध्ये हाँगकाँगच्या गोल्ड पीककडे गेली. नव्या मालकाने मेडस्टोन येथील संशोधन विभाग चालू ठेवला, आणि ब्लेड व एलएस-५० ही तिची अलीकडची गाजलेली उत्पादने याच काळात आली. यॉर्कशरची १९३२ सालची व्हार्फडेल आणि हंटिंग्डनची क्वाड ही नावे शेन्झेनच्या इंटरनॅशनल ऑडिओ ग्रुपकडे गेली. उत्पादन चीनमध्ये होऊ लागले, तरी मध्यमवर्गीयाला परवडेल अशा किमतीत चांगला स्पीकर देण्याचा व्हार्फडेलचा जुना वसा मोडला नाही. मालकाच्या राष्ट्रीयत्वाचा किंवा आकाराचा ध्वनीशी थेट संबंध नसतो. तो संबंध असतो संशोधनावर खर्च करण्याच्या तयारीशी आणि वाट पाहण्याच्या धैर्याशी.

बोसचा वेगळा रस्ता

या दृष्टीने बोसने मॅकिन्टॉश आणि सोनुस फाबेर घेणे अधिक कुतूहलाचे आहे. कोलकात्याहून अमेरिकेत आलेल्या एका क्रांतिकारकाचे पुत्र अमर बोस यांनी १९६४ मध्ये ही कंपनी काढली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ते प्राध्यापक होते. कंपनी शेअर बाजारात नेली तर संशोधनाला हात लागेल, या भीतीने त्यांनी ती आयुष्यभर खासगीच ठेवली. २०११ मध्ये त्यांनी कंपनीचे बहुसंख्य समभाग आपल्या संस्थेला दान केले. मात्र त्या समभागांना मताधिकार नाही आणि संस्थेला ते विकताही येत नाहीत. नफ्याचा वाटा विद्येला मिळावा आणि कंपनीवर बाहेरच्या कोणाची घाई लादली जाऊ नये, अशी ही योजना.

बोसलाही मॅकिन्टॉशमध्ये मोटारीचाच रस्ता दिसत असणार, यात शंका नाही. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी खास ध्वनियंत्रणा तयार करून या प्रथेचा पाया घालणाऱ्यांत बोसच अग्रणी होती. तरीही तिमाही निकालांच्या धाकाखाली नसलेला मालक आणि तो धाक असलेला मालक, यांच्या हाताखाली दोन थोर नावांचे पुढील दहा वर्षांत काय होते, याची तुलना करण्याची संधी यानिमित्ताने मिळेल. ग्लासगोच्या लिनसारख्या, १९७३ पासून संस्थापक कुटुंबाच्याच हाती राहिलेल्या कंपन्याही या तुलनेत आहेतच.

आपल्याकडचा पडसाद

या साऱ्याशी महाराष्ट्रातील वाचकाचा संबंध काय, असे वाटू शकते. संबंध आहे, आणि तो दोन प्रकारचा आहे. पुण्याजवळ चाकणला हरमनचा कारखाना आहे आणि तो मोटारींसाठी काम करतो. टाटांच्या हॅरियरमध्ये जेबीएलचे स्पीकर बसले आणि महिंद्रच्या नव्या विजेरी गाड्यांत हरमन कार्डनचे. म्हणजे हाय-फायचे नाव मराठी मध्यमवर्गाच्या घरात आता बहुधा वाहनतळातून प्रवेश करते.

दुसरा संबंध अधिक जुना आणि बोलका आहे. सॅन्सुई हे जपानी ॲम्प्लिफायरच्या सुवर्णकाळातील एक मानाचे नाव. १९४७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी पुढे डबघाईला आली, हाँगकाँगच्या समूहाकडे गेली आणि २०१४ मध्ये तिचा शेवट झाला. पण आपल्याकडे सॅन्सुई म्हटले की आठवतो तो दूरचित्रवाणी संच. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, भूमीत वाढलेल्या व्हिडिओकॉन समूहाने हे नाव परवान्याने घेऊन घरोघरी पोचविले. त्या संचाचा जपानमधील त्या जुन्या कार्यशाळेशी काडीचा संबंध नव्हता. पुढे व्हिडिओकॉनही २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि नाव आणखी तिसऱ्याकडे गेले. मूळ माणसे गेली, कारखाना गेला, परवाना घेणाराही गेला. नाव मात्र अजून बाजारात आहे. नावाला मरण नसते, हेच त्याचे बळ आणि हीच त्यातली फसवणूक.

पुढे पाहावे ते काय?

साउंड युनायटेडला आपण स्वतंत्र विभाग म्हणून चालवू, असे हरमनने म्हटले आहे. सॅमसंगने दिलेल्या अंदाजानुसार जगातील ग्राहकोपयोगी ध्वनियंत्रांची बाजारपेठ २०२५ मधील सुमारे ६०.८ अब्ज डॉलरवरून २०२९ पर्यंत ७० अब्ज डॉलरवर जाईल. या वाढीचा मोठा भाग हेडफोन, खिशात मावणारे स्पीकर आणि दूरचित्रवाणीखालचे साउंडबार यांचा असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा वर्दिंगचा आणि शिराकावाचा कारखाना चालू राहतो काय, डेनॉन, मरांट्झ आणि आर्कम यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये वेगळे अभियंते वेगळा विचार करीत राहतात, की एकाच मंडलाला तीन मुखवटे चढविले जातात, यावर लक्ष ठेवावे लागेल. स्पर्धा नियामकांच्या दृष्टीने हा बाजार फार लहान. त्यांच्या तराजूत ही चिंता बसण्याजोगी नाही. म्हणून ती रसिकांनाच करावी लागेल.

ग्राहकाच्या हाती काही नाही असे मात्र नव्हे. दालनात गेल्यावर पाटीवरचे नाव वाचण्याआधी त्याने तीन साधे प्रश्न विचारावेत. हे यंत्र कोठे घडले? दहा वर्षांनी त्याचे सुटे भाग मिळतील काय? त्यातील सॉफ्टवेअर कंपनीने उद्या थांबविले, तर यंत्र वाजत राहील काय? तिसरा प्रश्न नवा आहे आणि सर्वात महत्त्वाचाही. जुना ॲम्प्लिफायर मालक बुडाला तरी वाजत असे. नव्या यंत्राचा प्राण पुष्कळदा मालकाच्या संगणकात असतो. मालक बदलतो तेव्हा तो प्राण कोणाच्या हाती जातो, हे ज्याने लाख-दोन लाख रुपये मोजले त्याला कळलेच पाहिजे.

आणि चौथी गोष्ट विचारायची नव्हे, करायची. डोळे मिटून ऐकावे. मैफलीत तंबोरे लागल्यावर जो कान क्षणात सूर पारखतो, त्या कानाला पाटीवरची अक्षरे दिसत नाहीत. नावे विकली जातील, पुन्हा विकली जातील. सूर मूळ ध्वनीशी इमान राखून आहे की नाही, हा निवाडा अजून तरी कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात मांडला गेलेला नाही. तो ऐकणाऱ्याच्या कानातच राहिला आहे, आणि तेथेच त्याने तो जपायला हवा.